धाकट्या जावेच्या घराचं भाडं

माझ्या धाकट्या जावेने पालघरला फ्लॅट घेतला, त्याच्या वास्तुशांतीला मी सगळ्यांच्या आधी पोहोचले आणि सगळ्यांच्या आधी त्या घरातले दोष शोधायला लागले. हातात पूजेचं ताट होतं, डोळे मात्र कोपऱ्याकोपऱ्यातून फिरत होते. बाथरूमच्या लादीचा उतार दाराकडे होता. बेडरूमच्या खिडकीखाली रंग जरासा फुगला होता. अंगठ्याने दाबला तर आत गेला. मला इतकं बरं वाटलं की मी तो पुन्हा दाबून बघितला.

आम्ही बोईसरला भाड्याने राहतो. माझा नवरा तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे. मी पालघरच्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटावर टायपिंगचं काम करते. मूळचे आम्ही सांगलीकडचे. धाकटा दीर डिप्लोमा करून इकडे आला तेव्हा नवऱ्यानेच चार ठिकाणी शब्द टाकून त्याला नोकरीला लावलं. त्यानंतर चार वर्षं तो आमच्या हॉलमध्ये झोपला. सकाळी त्याची गादी गुंडाळून दिवाणाखाली सरकवायची आणि त्याचा डबा भरायचा, ही माझी कामं. त्याची सोयरीक आमच्याच घरात ठरली. लग्नानंतरही पहिले सहा महिने ती दोघं आमच्याच हॉलमध्ये होती, मध्ये दोरीवर जुनी चादर टाकून. पुढे ती पालघरला भाड्याने गेली आणि तीन वर्षांतच त्यांनी फ्लॅट घेतला.

चार वर्षं दिराने एक रुपया भाडं दिलं नव्हतं. आम्ही मागितलंही नव्हतं. कोणी सुचवलं असतं तरी मला लाज वाटली असती. पण फ्लॅट बुक झाल्याचं कळलं त्या दिवशी भाजी चिरता चिरता माझ्या डोक्यात गणित सुरू झालं. चार वर्षांचं खोलीभाडं, चार वर्षांची खाणावळ. त्यांनी भरलेली सुरुवातीची रक्कम बरोबर तेवढीच निघाली असं नाही, पण जवळपास तरी निघाली. म्हणजे त्यांच्या घराचा दरवाजा आणि पहिल्या दोन भिंती माझ्या स्वयंपाकातून उभ्या राहिल्यात, असं मी ठरवून टाकलं. हे मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर कदाचित तिथेच विरलं असतं.

वास्तुशांतीला सासूबाई गावाहून आल्या होत्या. दर वर्षी उन्हाळ्यात दोन महिने त्या आमच्याकडे राहायच्या. त्या दिवशी नव्या सोफ्यावर हात फिरवत त्या शेजारणीला म्हणाल्या, "आता आपल्या घरात आलं बाई. आजवर दुसऱ्याच्या घरात जीव मुठीत धरून राहायचं. खिळा ठोकायची चोरी."

दुसऱ्याचं घर म्हणजे आमचं. मी प्रसादाच्या वाट्या भरत होते. एक वाटी हातातून निसटली.

जाऊ धावत आली. ती मनाने सरळ आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. वाटी उचलता उचलता म्हणाली, "ताई, आता तुम्हीही घ्याच बघा. आजपर्यंत भाड्यात किती गेले असतील तुमचे!"

ती आपुलकीने म्हणाली. मी मात्र तिच्या आईसमोर, तिच्या दोन मैत्रिणींसमोर म्हणाले, "आधी तुझ्या बेडरूममधली ओल बघ. खिडकीखाली रंग सुटलाय. पावसाळ्यात काय होईल देव जाणे."

सगळ्या उठून ओल बघायला गेल्या. जावेचा चेहरा उतरला. "बिल्डरला सांगितलंय ताई," एवढंच ती म्हणाली. परतताना माझी मुलगी, ती तेव्हा आठवीत होती, मला रिक्षात म्हणाली, "आई, आजच्या दिवशी सांगायलाच हवं होतं का?" 

पुढच्याच रविवारी मी नवऱ्याला घेऊन उमरोळीला फ्लॅट बघायला गेले. उमरोळी म्हणजे पालघर आणि बोईसरच्या मधलं स्टेशन. दोन्हीपेक्षा तिथे स्वस्त पडतं. स्टेशनातून बाहेर पडलं की भातखाचरं, आणि खाचरांच्या पलीकडे नव्या इमारती. साइटवरच्या विक्रेत्याने आम्हाला सॅम्पल फ्लॅट दाखवला, थंड पाणी दिलं आणि म्हणाला, "मॅडम, भाडं म्हणजे फुटक्या माठात पाणी. हप्ता म्हणजे स्वतःच्या विहिरीत." मला ते इतकं पटलं की मी त्याला टोकन किती लागेल ते विचारून मोकळी झाले.

 बाहेर येऊन आम्ही एका टपरीवर चहा घेतला. त्याने खिशातून पेन काढून बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर आकडे मांडले. तेव्हा आमचं भाडं साडेसात हजार होतं. या फ्लॅटचा हप्ता एकोणीस हजारांच्या आसपास जाणार होता, तोही वीस वर्षं. वर मेंटेनन्स, घरपट्टी, सुरुवातीला मुद्रांक शुल्क, आणि हातातली सगळी शिल्लक.

"आणि कंपनीचं तू बघतेसच," तो म्हणाला. "दर दोन-तीन वर्षांनी एखादा प्लांट बंद होतो. उद्या मला वापीला जायची वेळ आली तर हे घर पाठीवर घेऊन जाऊ?"

"सगळं जग घेतंय. आपल्यालाच तेवढं जमत नाही."

"जमत नाही असं नाही. जमवता येईल. पण एक सांग, ती दोघं पालघरात नसती तर आज तू उमरोळीला आली असतीस?"

मी चहाचा ग्लास ठेवला आणि स्टेशनच्या दिशेने चालायला लागले. 

त्यातच महिन्याच्या एक तारखेला आमची घरमालकीण आली. ही मूळची शिरगावची, कोळी समाजातली. तीसेक वर्षं तिने पालघरच्या बाजारात मासे विकले आणि त्यातून बोईसरला हा एक फ्लॅट घेतला. पालघरचा तेव्हाही परवडला नाही, असं ती सांगायची. भाडं ऑनलाइन पाठवते म्हटलं तरी तिला ते नको असायचं. दर महिन्याला स्वतः यायची, खुर्ची नाकारून दाराशी जमिनीवर बसायची आणि कागदात बांधलेली सुकट माझ्या हातात द्यायची. त्या दिवशी सुकट देऊन झाल्यावर म्हणाली, "बाय, आता भाडा वाढवायला लागंल. सोसायटीवाले रंग काढतात, मेंटेनन्स वाढवलाय. नऊ हजार कर."

आधीच मी जळत होते, त्यात ही. "मावशी, एकदम दीड हजार? हे काय पालघर आहे?"

ती चिडली नाही. "तू बग ना बाजारात. आमी काय अडाणी मानसं. अशी खोली कुठं कमी भेटली तर मला येऊन सांग. तेवढाच घेईन."

मी ते आव्हान घेतलं. महिनाभर संध्याकाळी कामावरून परतताना मी घरं बघत फिरले. कधी खरं सांगून, कधी नणंदेसाठी हवंय असं खोटं सांगून. सुरुवातीला मला वाटायचं, खोल्या सारख्या म्हणजे भाडं सारखं. मग कळत गेलं. एकाच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्याचं भाडं जास्त आणि चौथ्याचं कमी, कारण लिफ्ट नाही. एका ठिकाणी भाडं हजाराने कमी, पण पाणी दिवसाआड आणि टँकरची वर्गणी वेगळी, म्हणजे शेवटी तेवढंच. पाच मुलगे मिळून राहतात त्यांच्याकडून मालक कुटुंबापेक्षा कितीतरी जास्त घेतो. एमआयडीसीच्या बाजूला ज्या खिडक्या उघडतात त्या रात्री बंद ठेवाव्या लागतात, वासामुळे, आणि तिथलं भाडं त्यामुळेच उतरलेलं. एजंट सांगतो तो आकडा कधीच खरा नसतो. खरा आकडा शेजारीण सांगते, तोही तुम्ही तिच्या ओट्यावर दहा मिनिटं बसलात तरच. आमच्याच मजल्यावर उत्तर प्रदेशातलं एक कामगार कुटुंब राहायचं. त्या बाईने मला सांगितलं, "दीदी, हम तो साढ़े नौ देते हैं, पहले दिन से."

तिचं घर आमच्यापेक्षा लहान होतं.

पुढच्या एक तारखेला मी मावशीला म्हटलं, "फिरले मी. नऊ बरोबर आहेत."

ती हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. "मग साडेआठ दे. कदी उशीर नाय केलास, कदी भांडली नाय. त्याचा पन काय भाडा असतो का नाय?"

त्या महिनाभरात मी उमरोळीचा विचार सोडून दिला. साडेआठ हजारांत मला जे घर मिळत होतं, ते विकत घ्यायला दुपटीहून जास्त हप्ता पडला असता. वरचे पैसे आम्ही मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला टाकायला लागलो. डोक्याला सगळं पटलं होतं. छातीत मात्र ते तसंच राहिलं. पालघरला कामाला जायचे तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून मी त्यांच्या बिल्डिंगखालून जायचे. त्यांच्या बाल्कनीत तुळस होती, कपडे वाळत घालायचा नवा स्टीलचा स्टँड होता. एकदा तिथे निळा झोपाळा दिसला. दिवसभर टायपिंगमध्ये माझ्या चुका होत राहिल्या.

वर्षभराने एका रविवारी जाऊ आमच्याकडे आली. दिराला त्याच्या कंपनीने दोन वर्षांसाठी गुजरातच्या प्लांटवर पाठवायचं ठरवलं होतं. तिथे राहायला कंपनीचं क्वार्टर मिळणार होतं.

"मग इथलं घर?" मी विचारलं.

"भाड्याने देऊ म्हणतोय. म्हणून तर आलेय ताई. तुम्ही एवढं फिरलात, तुम्हाला बाजार माहीत आहे. एजंट काहीही सांगतात. किती मागावं?"

मी मनातल्या मनात हिशोब मांडला. म्हणजे राहायला फुकट क्वार्टर, वर पगार, वर घराचं भाडं. तिच्या घराचा हप्ता आता दुसराच कोणी भरणार. आणि आम्ही एक तारखेला आमचं भाडं दुसऱ्याला देणार.

तिच्या घराचं योग्य भाडं मला पक्कं माहीत होतं. स्टेशनपासून चालत सात मिनिटं, दुसरा मजला, लिफ्ट, दिवसभर पाणी, ट्रॉल्या बसवलेलं स्वयंपाकघर. त्याच रस्त्यावर तशाच दोन घरांची चौकशी मी स्वतः केली होती. बारा हजार. डोळे मिटून बारा.

"साडेनऊ," मी म्हटलं.

"एवढंच?" तिचा आवाज पडला. "यांना वाटत होतं अकरा-बारा तरी येतील."

"बिल्डिंग नवी आहे ना, निम्मे फ्लॅट अजून रिकामे. सगळेच भाडेकरू शोधतायत. जास्त मागशील तर घर चार महिने पडून राहील. त्यापेक्षा चांगलं माणूस बघून कमीत दे."

यातलं एकेक वाक्य ऐकायला खरं वाटेल असंच होतं. महिनाभर फिरून मी जे शिकले होते, ते सगळं त्या खोट्याला कामी आलं. तिने मान हलवली. "तुम्ही म्हणताय म्हणजे तेवढंच असणार," असं म्हणून तिने पर्स उघडली आणि माझ्या मुलीसाठी आणलेले कानातले काढून ठेवले.

भाडेकरू मीच मिळवून दिली. आमच्या कार्यालयातली एक कारकून बाई, नुकती बदलून आलेली, घर शोधत होती. अकरा महिन्यांचा करार झाला आणि दीर-जाऊ गुजरातला गेली.

मला वाटलं होतं, आता शांत वाटेल. पण ती बाई रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर डबा उघडून बसायची. ज्याला त्याला सांगायची, "माझं नशीब बघा, साडेनऊला असं घर! माझ्या बहिणीला त्याच रस्त्यावर बारा पडतात." एकदा एका शिपायाने विचारलं, "मालक वेडा आहे की काय?" ती हसत म्हणाली, "मालकीण भोळी आहे हो. बाजारात कोणी चौकशीच केली नाही वाटतं." मी पोळीचा घास गिळला आणि पाणी प्यायला उठले.

गणपतीला आम्ही गावी गेलो. दीर-जाऊ आले नाहीत. सासूबाई आरतीचं तबक पुसत म्हणाल्या, "धाकटीचा फोन आला होता. जायचा-यायचा खर्च नको म्हणाली. हप्ता झेपत नाही त्यांना. तिकडं त्याचा ओव्हरटाइम बंद झालाय. भाडं येतं ते पुरत नाही, वरचे घालावे लागतात. ती शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घेते म्हणे. घर घेऊन अडकली पोरं."

खरं लिहायचं तर पहिल्यांदा मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो टिकला. दुर्वा निवडत बसले होते तेव्हा सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "पण तुझं नाव काढते हो. म्हणते, ताईंनी भाडेकरू तरी चांगली मिळवून दिली, नाहीतर घर रिकामं पडलं असतं." मग मला बसवेना. मी उठून परसात गेले आणि तिथल्या दगडावर कितीतरी वेळ बसून राहिले. महिन्याला अडीच हजार. शिकवणीच्या किती पोरांची फी होते ती?

तरी मी लगेच सांगितलं नाही. रोज ठरवायचे, रोज टाळायचे. फोनवर तिचा आवाज आला की मी मुलीच्या परीक्षेचं बोलायचे.

करार संपत आला तेव्हा जाऊ एकटीच आली, नव्या कराराची कामं करायला. दोन दिवस आमच्याकडे उतरली. वाळली होती. नवरा पहिल्या शिफ्टला गेला होता, मुलगी शाळेत. मी रजा टाकली होती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो. ती म्हणाली, "ताई, या वेळी दहा मागू का हो? साडेनऊवरून पाचशेच वाढतात. जास्त नाही ना होत?"

मी म्हणाले, "बारा माग."

"एकदम?"

"तुझ्या घराचं भाडं बारा आहे. मागच्या वर्षीही बाराच होतं."

तिला आधी कळलं नाही. "मग तेव्हा तुम्हाला कळलं नसेल."

"कळलं होतं. मी चौकशी केलेली होती. मला माहीत होतं."

तिचे हात थांबले. मग पुन्हा चालायला लागले. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. तिने विचारलं, "का?"

मी काय सांगणार? हॉलमधली गादी, चार वर्षांचे डबे, सासूबाईंचं "आपलं घर", बाल्कनीतला झोपाळा. एवढे दिवस जे डोंगराएवढं वाटत होतं, ते तोंडावर यायलाच तयार नव्हतं. मी म्हणाले, "तुझं घर झालं म्हणून."

तिने मेथीची जुडी संपवली. हात धुतले. "मोठ्या भाऊजींना माहीत आहे?"

"नाही."

"सांगू नका. मीही यांना नाही सांगणार. दोन भावांत उगाच वाकडं येईल." मग म्हणाली, "तुम्ही मला सांगायला नको होतं, ताई. मला तुमच्याविषयी चांगलं वाटायचं."

ती एकटीच पालघरला गेली. मी सोबत येऊ का विचारलं, तर नको म्हणाली. संध्याकाळी परतली तेव्हा किती ठरलं ते तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा खाताना भाडेकरू बाईनेच मला सांगितलं, "अकरा केले बाईंनी. म्हणाल्या, घर नीट ठेवता म्हणून बारा नाही मागत."

त्याच दिवशी मी बँकेतून साडेसत्तावीस हजार काढले. माझी आवर्ती ठेव होती, ती मोडली. अकरा महिन्यांचे अडीच-अडीच. जाऊ निघायच्या आधी मी पाकीट तिच्या पुढ्यात ठेवलं. मला वाटलं होतं, ती हात मागे घेईल, मग मी आग्रह करीन, कदाचित दोघी रडू. तिने पाकीट उघडलं, माझ्यासमोर नोटा मोजल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. "येते," म्हणाली. वाकून नमस्कार केला नाही. आजवर कधी चुकवला नव्हता.

पुढे वर्षभराने ती दोघं पालघरला परत आली. येणं-जाणं सुरू राहिलं. सणाला ती येते, मी जाते. हळदीकुंकू होतं. ती मला ताईच म्हणते. पण पूर्वी ती येताच स्वयंपाकघरात घुसायची, डबे उघडून बघायची. आता हॉलमध्ये बसते, पाणी दिलं तर घेते. नवऱ्याच्या लक्षात आलं. "तुमचं काही बिनसलंय का?" त्याने एकदोनदा विचारलं. "काही नाही," मी म्हणाले. हे असं चाललं होतं.

मागच्या वर्षी मावशीने आम्हाला बोलावून घेतलं. आम्ही शिरगावला तिच्या घरी गेलो. अंगणात बोंबील वाळत घातलेले होते, मावशी खाटेवर. गुडघे पार गेले होते. "बोईसरची खोली विकायची हाय," ती म्हणाली. "पयला तुमाला विचारते. तुमी नाय म्हनाल तर दुसऱ्याला."

सांगितलेली किंमत बाजारापेक्षा कमी होती. तेरा वर्षं ज्या घरात राहिलो ते घर आता आपलं होऊ शकतं, हे ऐकून मी किंमत पुन्हा एकदा विचारून घेतली. नवऱ्यालाही या वेळी हप्ता झेपण्यासारखा वाटत होता. घरी येऊन त्याने भावाला फोन लावला. कर्जाची कागदपत्रं काय लागतात ते विचारायला. दीर म्हणाला, "ते सगळं तिनेच केलं होतं," आणि फोन जावेकडे दिला.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊजी, आधी बिल्डिंगचा भोगवटा दाखला मागा. इतक्या जुन्या बिल्डिंगला तो बऱ्याचदा नसतो. नसेल तर बँक कर्ज देणार नाही. आणि दिलं तरी मी म्हणेन घेऊ नका. त्यापेक्षा भाड्यातच राहा."

फोन स्पीकरवर होता. "भाड्यातच राहा" हे शब्द माझ्या कानात अडकले. मला वाटलं, ही आता उट्टं काढतेय. माझं घर होऊ नये म्हणून ही खोटं बोलतेय. इतकी खात्री वाटली की नवऱ्याने फोन ठेवताच मी म्हणाले, "तिचं ऐकू नका."

"का? तिला काय पडलंय?"

काय पडलंय, ते फक्त मला माहीत होतं.  मी सुट्टी टाकून दोन बँकांत गेले, सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठलं, त्याने जुनी फाइल उघडली. दाखला नव्हता. बिल्डिंग पूर्ण झाल्याचा कागदच कधी कोणी काढला नव्हता. दुसऱ्या बँकेतल्या माणसाने तर कागद बघून दोन मिनिटांत परत केले. जावेने सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता.

आम्ही मावशीला नाही म्हणून सांगितलं. तिला दुसरं गिऱ्हाईकही मिळालं नाही, त्याच कारणाने. आता तिचा मुलगा भाडं घ्यायला येतो, साडेनऊ हजार. मी आजूबाजूला विचारून बघितलं, योग्य आहे.

ज्या दिवशी बँकेने कागद परत केले, त्याच दिवशी घरी जाण्याआधी मी पालघरला जावेकडे गेले. तिने दार उघडलं, आत घेतलं. मी सांगितलं की दाखला नव्हता, तू म्हणालीस ते बरोबर होतं.

"मग घेत नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. ती खूश झाली होती की तिला माझ्यासाठी बरं वाटलं होतं, मला तिच्या पाठीवरून कळेना. बाल्कनीचं दार उघडं होतं. झोपाळ्याला नवीन गादी केली होती, फुलाफुलांची. तिने आतून विचारलं, "साखर किती, ताई?" नऊ वर्षं ती माझ्या हातचा चहा पीत आणि मला चहा देत आली होती, साखर कधी विचारली नव्हती. मी म्हणाले, "एक चमचा," आणि गादीची किंमत किती असेल, असा विचार करत बसले.